शनिवारचे दोन तास
कॅडेट, इयत्ता दहावी

दहावीच्या मुलांचे शनिवारचे हॉबीचे दोन तास पुढच्या टर्मपासून बंद करावेत आणि त्या वेळात गणित-विज्ञानाची जादा प्रेप घ्यावी, असा विचार सध्या चालू आहे. अजून काही ठरलेलं नाही, म्हणूनच ठरायच्या आधी आपल्या मराठी पानावर माझं मत लिहितो. हे तास काढू नयेत. बोर्डाची परीक्षा मलाही द्यायची आहे आणि एनडीएची लेखी परीक्षाही पास व्हायची आहे. अभ्यासाला माझा विरोध नाही. वाद वेगळ्याच गोष्टीचा आहे. नोकरी किंवा अभ्यास हे खरं काम आणि लिहिणं, वाजवणं, चित्रं काढणं हा रिकामपणाचा उद्योग, असं आपण जे धरून चालतो ते मला पटत नाही.

सुट्टीत घरी गेलो की हा विषय निघतोच. माझी वही पाहिली की पप्पा म्हणतात, "अरे, लिहून पोट भरत नाही." मी म्हणतो, "पप्पा, मला लिहून पोट भरायचंच नाहीये. पोट फौज भरेल." यावर ते हसतात आणि विषय बदलतात. पण मला वाटतं या उत्तरात बराच अर्थ आहे. लिहिणाऱ्या माणसाला लिहिण्यावर पोट भरावं लागत नसेल, तर त्याला कोणाच्या मनासारखं लिहावं लागत नाही. मराठीत ज्यांची नावं आपण आदराने घेतो त्यातले कितीतरी जण दिवसभर दुसरंच काहीतरी करत होते.

सुरुवात अगदी जुन्या लोकांपासून करू. नामदेव महाराज शिंपी, गोरोबाकाका कुंभार, सेना महाराज न्हावी, नरहरी महाराज सोनार. अरणचे सावता महाराज मळ्यात राबत. जनाबाई तर दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करत होत्या. यांच्यापैकी कोणी काम सोडून 'आता मी पूर्ण वेळ कवी' असं जाहीर केलं नाही. उलट सोनाराच्या अभंगात सोनाराची हत्यारं आली आणि माळ्याच्या अभंगात मळा आला. आपण पाठ्यपुस्तकात त्यांना संत म्हणून वाचतो आणि ते कामावर जाणारे लोक होते हे विसरतो. माझी आजी साताऱ्याकडच्या आमच्या गावी अजून काम करताना ओव्या गुणगुणते. तिला हॉबी हा शब्द माहीत नाही.

बहिणाबाई चौधरी शेतात आणि घरात राबत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि त्यांचं पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. म्हणजे हयातभर ज्यांना पुस्तक दिसलंच नाही, त्या बाईंच्या कविता आज प्रत्येक मराठी शाळेत शिकवल्या जातात.

आता नोकरदार माणसं घेऊ. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' आमच्या लायब्ररीत आहे. कोकणातल्या त्या कादंबरीचा लेखक मुंबईत बेस्टमध्ये, म्हणजे बस आणि विजेच्या कंपनीत, कित्येक वर्षं नोकरी करत होता. व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते. नारायण सुर्वे यांची गोष्ट तर आणखी वेगळी. गिरणीत काम, शाळेत शिपाई आणि नंतर शाळेत शिक्षक. त्यांचा पहिला संग्रह 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आला. मला वाटतं, सुर्वे दिवसभर नुसते टेबलापाशी बसून राहिले असते तर त्यांच्याकडे लिहायला काय उरलं असतं? त्यांची कविता कामावरूनच घरी येत होती.

जयंत नारळीकरांचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. ते मोठे खगोलशास्त्रज्ञ. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ साली त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. 'नारायण विनायक जगताप' या नावाने. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी वाचली की ना, वि, ज होतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाला नाव न लावता, शाळेतल्या पोरासारखं स्पर्धेत उतरून आपली गोष्ट तपासून घ्यावीशी वाटली! छंद खरा असला की माणूस त्यात रँक लावून येत नाही, असं मी समजतो.

आपण बेंगळुरूत राहतो, तर इथलंही सांगायला हवं. मास्ती वेंकटेश अय्यंगार यांना १९८३ सालचं ज्ञानपीठ मिळालं. कन्नड कथेचे ते मोठे लेखक, पण त्यांची नोकरी होती म्हैसूर संस्थानच्या प्रशासनात, अधिकारी म्हणून. के. एस. निसार अहमद हे कन्नड कवी भूगर्भशास्त्र शिकवत. धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी. त्यांच्या घरची भाषा मराठी आणि पेशा शिक्षकाचा. आमच्या हाउसमधल्या धारवाडच्या मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग ते अर्धे तुमचे." मी म्हटलं, "राहू दे, पूर्ण तुमचेच." आमचे केशवसुत मात्र तुमच्याकडे नोकरीला आले होते. ते धारवाडच्या शाळेत शिक्षक होते आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले.

आता फौजेबद्दल. कारण इथे मला नेहमी ऐकवलं जातं की बाकी लोकांचं ठीक आहे, कारकुनाला संध्याकाळ मोकळी असते, पण सैनिकाला कुठला वेळ आणि कुठलं लिहिणं?

ज्या शहरात आपण रोज सकाळी पीटी करतो ते शहर १६३८ पासून शहाजीराजांकडे होतं. त्यांच्या बेंगळुरूच्या दरबारात कवी जमत. जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात त्या दरबाराचं वर्णन केलं आहे. बारा भाषांत कविता करता येते हे सांगायला त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले होते म्हणे. दरबारात एकाने समस्या टाकायची, म्हणजे कवितेचा एक तुकडा द्यायचा, आणि कवीने तिथल्या तिथे ती पूर्ण करायची. आयुष्य घोड्यावर गेलेल्या सरदाराला यात रस होता. त्यांचे नातू संभाजी महाराज यांनी 'बुधभूषण' हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. वेळ नाही असं म्हणायला त्यांच्याकडे आपल्यापेक्षा निश्चितच जास्त कारणं होती.

अलीकडचं उदाहरण कॅप्टन गो. गं. लिमये. पेशाने डॉक्टर, पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात गेले आणि मराठीत विनोदी गोष्टी लिहिल्या. 'सैन्यातील आठवणी' हे त्यांचं पुस्तक. मनोहर माळगावकर मराठा लाइट इन्फंट्रीतले, लेफ्टनंट कर्नल झाले. त्यांनी इंग्रजीत लिहिलं. १९६० साली आलेली 'डिस्टंट ड्रम' ही त्यांची कादंबरी एका रेजिमेंटवरच आहे. फौज सोडल्यावर ते आपल्याच कर्नाटकात जगलबेटच्या जंगलात राहिले. त्यांची बहुतेक पुस्तकं नोकरी सोडल्यानंतरची आहेत हे मला माहीत आहे, आणि माझ्या विरोधात कोणी ते सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो. पण रेजिमेंटमध्ये असताना त्यांनी डोळे उघडे ठेवले नसते तर नंतर कागदावर काय आलं असतं?

विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज अधिकारी पहिल्या महायुद्धात ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला. युद्ध ११ नोव्हेंबरला संपलं. विजयाच्या घंटा वाजत असताना त्याच्या घरी तार पोहोचली. हयातीत त्याच्या फार थोड्या कविता छापल्या गेल्या होत्या. त्याने 'युद्ध संपलं की लिहीन' असं ठरवलं असतं, तर आज त्याचं नाव फक्त एका स्मारकावर असतं. हे वाक्य लिहिताना मी थोडा थांबलो, कारण हे माझ्या आईनेही वाचायचं आहे. पण हे पान मिलिटरी स्कूलचं आहे आणि इथे असं लिहायला हरकत नसावी.

सैनिकाच्या लिहिण्यावर बंधनं असतात हे खरं. सेवेत असताना काही छापायचं तर परवानगी लागते. युनिट कुठे आहे, काय करतंय हे कोणी कथेतही लिहू नये. हे मला मान्य आहे. पण गोष्ट लिहायला नकाशा लागत नाही. चौकीवरचा थंड पडलेला चहा, घरून आलेल्या फोनमधली शांतता, पावसात न वाळणारे मोजे, यात कोणतं गुपित आहे?

आणखी एक गंमत. ज्या फौजेत गोष्टींना जागा नाही असं म्हणतात, ती फौज अधिकारी निवडताना आधी गोष्टीच लिहायला लावते. एसएसबीच्या मानसशास्त्राच्या चाचणीत चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. अशा बारा गोष्टी. शेवटची स्लाइड कोरी असते. कोरी! तिथे घोकलेलं चालत नाही असं आमचे सगळे इन्स्ट्रक्टर सांगतात. मग कोऱ्या पानासमोर बसायची सवय कुठे लागणार? जादा प्रेपमध्ये?

पण हेच कारण पुढे करून तास वाचवावेत असं मात्र मला वाटत नाही. एसएसबीच्या फॉर्ममध्ये छंदांचा रकाना असतो आणि त्या रकान्यासाठी अकरावीत अचानक छंद जडलेले सिनिअर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. एक जण फोटोग्राफी लिहून गेला होता. कॅमेऱ्याबद्दल विचारल्यावर म्हणे मामाचा आहे. तो छंद नव्हे, ती किट इन्स्पेक्शनची तयारी. छंदाची खूण माझ्या मते एकच: कोणी विचारणार नसलं, मार्क मिळणार नसले, तरी माणूस ते करतो. डॉ. अनिल अवचट बासरी वाजवत, कागदाच्या वस्तू करत, लाकडात कोरीवकाम करत, चित्रं काढत. त्यावर त्यांनी 'छंदांविषयी' नावाचं पुस्तकच लिहिलं. डॉक्टर झालेला, मुक्तांगणसारखं व्यसनमुक्तीचं एवढं मोठं काम उभं करणारा माणूस कागदाच्या घड्या घालत बसतो, याला कोणी रिकामटेकडा म्हणेल का?

वेळेचा हिशोब आता मांडतोच. राउझपासून लाइट्स आउटपर्यंत आमचा दिवस घट्ट बांधलेला असतो हे पालकांनाही माहीत आहे. मला रात्रीच्या जेवणानंतर आणि दुसऱ्या प्रेपच्या आधी वीस मिनिटं मिळतात. शाळेचे दोनशे दिवस धरले तर चार हजार मिनिटं होतात, म्हणजे सहासष्ट तास. सातवीपासून माझ्या तीन वह्या भरल्या त्या या वीस मिनिटांत. त्यातलं चांगलं किती? फार नाही. पण मोटार चालवायला शिकणारा पहिले काही महिने शेजाऱ्याच्या कुंपणालाच शिकवत असतो.

अँथनी ट्रोलप नावाचा एक इंग्रज कादंबरीकार पोस्ट खात्यात नोकरीला होता. ब्रिटनमधल्या रस्त्यावरच्या टपालपेट्या आणण्यात त्याचा वाटा होता. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवे आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. मग कपडे करून ऑफिसला. पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी त्याने नोकराला वर्षाला पाच पौंड जास्त ठरवून दिले होते. (आम्हाला साडेपाचला फुकट उठवतात, कॉफीशिवाय.) ही पद्धत त्याने आत्मचरित्रात लिहिली आणि तो गेल्यावर ते छापलं गेलं, तेव्हा पुष्कळ लोक नाराज झाले. लेखक घड्याळ लावून लिहितो म्हणजे काय, असं त्यांना वाटलं. मला मात्र वाचून हायसं वाटलं. लेखक म्हणजे वाऱ्यावर केस उडवत फिरणारा माणूस नाही. तो आपल्यासारखा टाइमटेबलचा माणूस असू शकतो. उलट कॅडेटला हे जास्त जमायला हवं, कारण घड्याळाप्रमाणे वागणं आम्हाला शिकवावं लागत नाही.

माझ्या विरुद्धचा सगळ्यात जोरदार मुद्दा आमच्या एका सरांनी मांडला. ते म्हणाले, "एक ना धड भाराभर चिंध्या. आधी एक काम नीट करा." आणि दुसरं त्यांनी असं सांगितलं की तू जी नावं घेतोस ती यशस्वी लोकांची आहेत. नोकरीच्या रगाड्यात ज्यांचं लिहिणं कायमचं सुटलं त्यांची नावं कुठे आहेत? या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्या लोकांची यादी कुठेच सापडणार नाही, कारण त्यांनी लिहिलंच नाही.

त्यातलं एक नाव माझ्या घरातच निघालं असतं. आई कराडला कॉलेजमध्ये एकांकिका करायची. लग्न झालं आणि पप्पांच्या पोस्टिंगबरोबर सोळा वर्षांत सात गावं झाली. प्रत्येक ठिकाणी नवी शाळा शोधणं, नवं रेशन कार्ड, ट्रंका भरणं आणि उघडणं. पप्पा फील्डला असले की दोघांचं काम तिचं एकटीचं. तिला नोकरी नाही असं लोक म्हणतात, पण तिच्या कामाला रविवारही नाही. नाटक सुटलं. मग एका स्टेशनवर फॅमिली वेल्फेअर मीटसाठी कोणीतरी तिला छोटी नाटिका बसवायला सांगितली. तिने ती बसवली नाही फक्त, लिहिलीही. सिलिंडर संपलेला असताना अचानक पाहुणे येतात अशी काहीतरी गोष्ट होती. सगळ्या भाषांच्या बायका त्यात होत्या, पंजाबी, तमिळ, गढवाली, आणि जिला जशी येईल तशी हिंदी. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आई मोठ्याने हसते हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर प्रत्येक स्टेशनवर ती एक नाटिका लिहिते. तिला हे चालू ठेवायला काय लागलं? कोणीतरी एकदा विचारणं आणि वर्षातून एक ठरलेला दिवस. बस.

सरांच्या मुद्द्याला माझं उत्तर हेच आहे. रगाड्यात लिहिणं सुटतं हे कबूल, म्हणूनच त्याला ठरलेला दिवस हवा. 'वेळ मिळेल तेव्हा करा' असं सांगितलं तर दहावीला वेळ मिळत नाही, बारावीला मिळत नाही, अकादमीत तर मिळणारच नाही, आणि मग युनिट. बेळगावच्या इंदिरा संत यांचे पती १९४६ साली गेले. मुलं लहान होती. त्यांनी शिक्षिकेची नोकरी केली, घर चालवलं आणि कविताही लिहिली. 'गर्भरेशीम'ला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोकळा वेळ त्यांना कोण देणार होतं?

आणि पप्पांबद्दलही सांगायला हवं, कारण हा अंक त्यांच्या हातात पडणार आहे. लिहून पोट भरत नाही म्हणणारे माझे पप्पा त्यांच्या पलटणीच्या मंदिरात रविवारी मंदिर परेडला पखवाज वाजवतात. वीस वर्षं वाजवतात. पोस्टिंग आली की घरातल्या सामानात सगळ्यात आधी पखवाज गुंडाळला जातो, जुन्या कांबळ्यात, आणि त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नसते. त्याने किती पोट भरलं हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. पुढच्या सुट्टीत विचारीन.

शनिवारी तिसऱ्या आणि चौथ्या तासाला लायब्ररीमागच्या खोलीत आम्ही दहावीचे सहा जण असतो. एक जण बिघडलेली घड्याळं उघडून बसतो, दोघे विमानांची मॉडेलं करतात, एक बासरी शिकतोय, एक कन्नडमध्ये कविता करतो आणि मी. माझी विनंती एवढीच आहे की निर्णय घेण्याआधी या सहा जणांचे गेल्या दोन टर्मचे गणित आणि विज्ञानाचे मार्क काढून पाहावेत. खाली घसरले असतील तर तास बंद करावेत, मी पुन्हा याविषयी लिहिणार नाही. नावांची यादी मी हाउसमास्टर सरांकडे दिली आहे.